डावा कौल

कौल डावा पडला, म्हणून सुलोचना वहिनी नवऱ्याला मुंबईला न्यायला तयार नव्हत्या. एवढं सांगायला त्या आचऱ्याजवळच्या गावातून एसटीने माझ्या ओपीडीत आल्या होत्या. सोबत धाकटा दीर दिनेश. पेशंट स्वतः आला नव्हता.

“डॉक्टरानू, देव नाय म्हणता,” वहिनी म्हणाल्या. मग खुर्चीत सावरून बसल्या आणि शुद्ध मराठीत बोलू लागल्या. आमच्याकडे दवाखान्यात लोक तसंच करतात. “मशीनचा उपचार करायचा नाही, असं आमचं ठरलं आहे.”

“तुमचं ठरलंय की देवाचं?” मी विचारलं.

दिनेश हसला. वहिनी हसल्या नाहीत.

ही २००९ सालची गोष्ट. मी जिल्ह्यात मानसोपचार करत होतो. आमच्या भागात महत्त्वाचं काम करण्यापूर्वी गावदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न देवापुढे मोठ्याने मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी ह्याच मातीतला. माझं दहावीनंतरचं शिक्षणही कौल लावूनच ठरलं होतं. पण डॉक्टर झाल्यावर अशा गोष्टींकडे पाहण्याची माझी नजर जरा उंचावरची झाली होती. ही उंची मला त्या वर्षी महागात पडली. खरं तर मला नाही, वहिनींच्या नवऱ्याला, सदानंदला.

सदानंद तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. जाळं कुठे टाकायचं, कधी परतायचं, हे तोच ठरवतो. होडी दोघा भावांची, वर सात खलाशी. दीड वर्षापूर्वी त्याने समुद्रात जाणं एकाएकी बंद केलं. झोप गेली, जेवण सुटलं, माणसांत बसेना. होडीकडे निघाला की छाती धडधडायची, हात गार पडायचे. मी निदान केलं: डिप्रेशन आणि सोबत अँक्झायटी. औषध सुरू केलं. पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे दिलं. उपयोग झाला नाही. दुसरं दिलं. थोडी झोप आली, बाकी काही नाही.

दर वेळी तो एकच वाक्य बोलायचा. “दर्यात गेल्यार माका मदीच काय झाला तर?”

मी ते केसपेपरवर लिहून ठेवलं होतं आणि पुढे ‘अँटिसिपेटरी अँक्झायटी’ असा शेरा मारला होता. म्हणजे काही घडण्याआधीच वाटणारी भीती. शेरा मारला की प्रश्न संपल्यासारखा वाटतो. ‘काय’ म्हणजे काय, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

दोन औषधं हरल्यावर आमच्याकडे पुढचा नेहमीचा मार्ग ईसीटीचा, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात त्याचा. त्याचं नाव काढताच सदानंद खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच सुमारास मी मुंबईला एका कॉन्फरन्सला गेलो होतो. तिथे माझ्या एका बॅचमेटने नवं मशीन दाखवलं. इंग्रजी आठच्या आकाराची एक कॉइल डोक्याच्या पुढच्या भागावर, डाव्या बाजूला टेकवून धरतात. तिच्यातून चुंबकीय लहरींचे ठोके मेंदूच्या ठरावीक भागात जातात. टकटक असा आवाज येतो. भूल नाही, बेशुद्धी नाही. आठवड्यातून पाच दिवस, असे चार-सहा आठवडे. ह्याला आरटीएमएस म्हणतात. डिप्रेशनसाठी अमेरिकेत नुकतीच मान्यता मिळाली होती. नुसत्या अँक्झायटीवर त्याचा किती उपयोग होतो, ह्याचा पुरावा तेव्हा फारसा नव्हता. हे मला ठाऊक होतं. सदानंदच्या घरच्यांना मी ते सांगितलं, पण घाईघाईत सांगितलं.

आता कबूल करायची गोष्ट. मला तो उपचार सदानंदसाठी हवा होता, पण तेवढ्यासाठीच नव्हे. जिल्ह्यातून पहिला पेशंट मी पाठवणार होतो. डॉक्टरांच्या पुढच्या मीटिंगमध्ये त्यावर बोलायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

त्यात वेळ थोडा होता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होडी दिनेशच्या हाताखाली दर्यात जाऊ लागली होती. खलाशांना त्याची सवय होत चालली होती. तो हंगामही सदानंदने किनाऱ्यावर काढला असता, तर तांडेलाची जागा त्याला परत मिळणं कठीण होतं. दिनेश चांगला माणूस, पण जागा ही जागा असते.

म्हणून होणाऱ्या उशिराचा दोष मी मनातल्या मनात वहिनींना देऊन मोकळा झालो. त्या दिवशी त्यांना समजावलं, मशीनची चित्रं दाखवली. वहिनी ऐकत राहिल्या. ओपीडीत गर्दी होती. दोघं उठून बाहेर गेली. दोन मिनिटांनी वहिनी एकट्याच परत आल्या. पिशवी खुर्चीशी राहिली होती. पिशवी उचलूनही त्या उभ्याच राहिल्या. मी तेव्हा मुंबईला फोन लावत होतो. मी भुवया उंचावून ‘काय?’ असं विचारलं. त्या काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून दिनेशची हाक आली. “वयनी, चल गो, गाडी जायत!”

त्या गेल्या. मी फोनवर बोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी दिनेशला फोन केला. “गुरवाने गाऱ्हाणं काय घातलं होतं?”

“डोक्याक मशीन लावन्याचा. वयनीनच तसा सांगल्यान गुरवाक.”

“मग पुन्हा कौल लाव. पण असं विचार: सदानंदला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणू का? एवढंच.”

कोर्टात ह्याला लीडिंग क्वेश्चन म्हणतात. हवं ते उत्तर यावं म्हणून तसाच घडवलेला प्रश्न. पेशंटला असे प्रश्न विचारू नयेत, हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. देवाला विचारू नयेत, असं कुठे शिकवलं नव्हतं.

कौल उजवा पडला. वहिनी गप्प बसल्या. देवाने होकार दिल्यावर गावात कोणी काय बोलायचं?

मुंबईचा फॉर्म मी स्वतः भरला. डोक्यात किंवा डोळ्यात धातूचा तुकडा आहे का? नाही. पेसमेकर? नाही. कधी फेफरं आलं आहे का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण ह्या उपचाराने क्वचित फेफरं येऊ शकतं, आणि ज्याला ते पूर्वी आलेलं असेल त्याला धोका जास्त. हे मी सदानंदला आधीच्या एका भेटीत विचारलं होतं. समोर सदानंद, शेजारी दिनेश, मागे वहिनी आणि दारात पुढचा पेशंट. “नाय,” सदानंद म्हणाला. मी ‘नाही’वर खूण केली. मुंबईत माझ्या त्या बॅचमेट मित्राने पुन्हा विचारलं. तेव्हाही शेजारी दिनेशच होता. उत्तर तेच आलं.

उपचाराच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दिनेशचा फोन आला. आवाज खाली गेलेला. “डॉक्टर, दादाक फेफरा इला. मशीन चालू असतानाच. माज्या समोर.”

मग मित्र फोनवर आला. “मिनिटभरात थांबलं. आता शुद्धीवर आहे, ठीक आहे. उपचार बंद केलाय. हिस्टरी तू घेतली होतीस ना?”

“घेतली होती.”

“मीही घेतली,” तो म्हणाला. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दोघे भाऊ गावी परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सदानंद झोपला होता. वहिनी मागीलदारी मासे साफ करत होत्या. मी तिथेच पायरीवर बसलो. कोयतीवरचा हात न थांबवता त्या बोलू लागल्या, ह्या वेळी मालवणीत.

चार वर्षांपूर्वी सदानंदला घरात जाळं विणताना फेफरं आलं होतं. काही महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा घरात फक्त त्या होत्या. देवदर्शनाला जातो असं सांगून दोघं गोव्याच्या डॉक्टरकडे गेली. वर्षभर गोळ्या घेतल्या. मग त्याने गोळ्या सोडल्या, कारण दिनेशने पाकीट पाहून विचारलं, कसल्या गोळ्या म्हणून.

“खलाशांका कळला आसता, तर येक तरी होडयेर चढलो आसतो?” वहिनी म्हणाल्या. “सुकाणू ज्याच्या हातात, तेकाच फेफरा. आनी ह्यांका तरी काय कमी भिया होता? सात जणांची पोरांबाळां दिसायची ह्यांका रातीची.”

‘माका मदीच काय झाला तर?’ ते वाक्य आत्ता मला कळलं. ती भीती मेंदूतल्या बिघाडाची नव्हती. त्याने नीट विचार करून काढलेला तो निष्कर्ष होता. त्या ओझ्याखाली तो खचला होता. आणि मी ते ओझं चुंबकाने उतरवायला निघालो होतो.

“वहिनी, मला सांगायचं होतं.” बोललो आणि मलाच माझी लाज वाटली.

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. “खंय सांगू? तुमच्या खोलयेत बाजार भरलेलो. तुमी माका येकटीक कदी इचारलास? देवाक तरी येकटीन सांगूक मेळता. गुरवाक म्हटलंय, माज्या मनात काय आसा ता देवाक म्हायत आसा, तू निस्ता मशीनीचा इचार. देव बरोबर नाय म्हणालो. मगे तुमी तेका दुसराच इचारलास.”

 

दिनेशने गावात सांगितलं नाही. पण त्याला कळलं होतं, आणि तेवढंच पुरेसं होतं. दादाला सुकाणू देणं त्याला जमेना. बरोबरच होतं त्याचं. होडी त्याच्याकडे गेली. सदानंदला फेफऱ्याचं औषध पुन्हा सुरू केलं, सोबत डिप्रेशनचं जुनंच औषध. सहा महिन्यांत तो जेवू लागला, झोपू लागला. जाळी दुरुस्त करतो, लिलावाला उभा राहतो. एकदा फॉलोअपला एकटाच आला तेव्हा म्हणाला, “आता बरा वाटता. लपवूचा काय रवला नाय.”

मग खिडकीबाहेर बघून म्हणाला, “पण मी माज्या तोंडान सांगतलंय आसतंय. आज ना उद्या. तो दीस तुमी माका गावूक दिलास नाय.”

ह्याला माझ्याकडे औषध नाही.

मशीनचा दोष नव्हता. पुढे मी त्या उपचारासाठी आणखी काही पेशंट पाठवले. काहींना चांगला गुण आला, काहींना आला नाही. मीटिंगमध्ये मात्र त्या विषयावर मी कधी बोललो नाही.

माझ्या केबिनमध्ये आता पेशंटसाठी एकच खुर्ची आहे. आधी पेशंट एकटा, मग घरातलं माणूस एकटं, मग सगळे. वेळ फार जातो. बाहेर रांगेतली माणसं कुरकुरतात आणि त्यांचं खरं आहे. केसपेपरवर पूर्वी मी फक्त उत्तर लिहायचो. आता त्याखाली आणखी एक ओळ लिहितो: हे कोणी सांगितलं, आणि सांगताना खोलीत कोण कोण होतं.