पाटी-पेन्सिल घेऊन बँकॉकला

नाशकात फुलांचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, घराबाहेर पडायचं तर आषाढातच. लग्नं नसतात, गणपतीला अजून अवकाश असतो, मोगरा आटोपलेला असतो आणि दसऱ्याच्या झेंडूची रोपं नुकती मातीत गेलेली असतात. एरवी आम्हाला कुणी फुकट काश्मीरला नेलं तरी जमायचं नाही. तर या २००७ सालच्या आषाढात आम्ही दोघं चक्क बँकॉकला जाऊन आलो. मखमलाबादच्या मळ्यातून, पासपोर्टवर पहिलाच शिक्का! अजून विश्वास बसत नाही म्हणून पासपोर्ट मधूनमधून काढून बघते.

पण आधी हे वर्ष कसं गेलं ते सांगायला हवं, नाहीतर पाटी-पेन्सिलीचं कोडं उलगडणार नाही.

संक्रांत झाली आणि माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, देव पावला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आवाजाची नस गाठीला अगदी चिकटलेली आहे, काही महिने आवाज घोगरा राहील, रोज सकाळी मोठ्यानं वीसपर्यंत आकडे म्हणा, आवाज वापरला तरच सुधारेल. मी मान डोलावली. आता माझा आवाज म्हणजे काय होता ते ऐका. फूलबाजारात आमच्या गाळ्यावरून मी हाक दिली की पार दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. सासूबाई म्हणायच्या, हिच्यामुळं लाउडस्पीकरचं भाडं वाचतं. बावीस वर्षं त्या आवाजावर शेवंती विकली, झेंडू विकला, भांडणं केली आणि मिटवलीसुद्धा.

दवाखान्यातून घरी आले त्याच्या चौथ्या दिवशी फोन वाजला. सायखेड्याचे एक मंडपवाले आहेत, आमचं जुनं गिऱ्हाईक. मी "हॅलो, बोला" म्हटलं. पलीकडून ते म्हणाले, "भाऊ, वहिनींना द्या जरा. भाव इचारायचा हाय."

मी फोन ठेवून दिला. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडले. त्या दिवसापासून बोलणंच बंद. केतकीची, म्हणजे माझ्या लेकीची, लहानपणची पाटी माळ्यावरून काढली आणि तिच्यावर लिहून घर चालवायला लागले. आकडे म्हणायचे ते म्हटलेच नाहीत. गाळ्यावर जाऊन बघितलं एकदोनदा, पण माझी धाकटी जाऊ मंगल चांगल्या मनानं म्हणाली की ताई, तुम्ही नुसत्या बसा, हाका मी मारते. नुसतं बसायला मी काय गणपती आहे? परत गेले नाही. जूनमध्ये एकदा पाटीवर लिहिलं, 'माझ्याच्यानं आता गाळा होणार नाही. मंगलच्या नावानं करून टाका.' अहोंनी ते वाचलं, बाहीनं पुसलं आणि म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबू. (आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा इथं ते अहोच राहतील.)

केतकी पुण्याला इंजिनीअरिंग करते. हा ब्लॉगही तिनंच काढून दिला, बोलत नाहीस तर निदान लिही म्हणाली. जुलैत घरी आली ती बँकॉकची तिकिटं कॉम्प्युटरवर बघूनच. मी पाटीवर भलामोठा 'का?' लिहिला.

ती म्हणाली, "आई, तुझा जुना आवाज तिथं कुणी ऐकलेलाच नाही."

मी पाटी पुसली. तिकिटं निघाली.

निघायचा दिवस. नाशकातल्या द्वारका चौकातून मुंबईची टॅक्सी मिळते, सीटवर बसा आणि चला, विमानतळापर्यंत सोडायचं मात्र आधीच बोलून घ्या. सामानात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो चिवडा आणि पाटी. आता अहोंची एक खोड सांगते, पुढं कामाला येणार आहे. गाडी थांबली की हे खाली उतरतात. एस्टी असो, टॅक्सी असो, सिग्नलला थांबली असो. पाय मोकळे करायचे, चहा कुठं दिसतो का बघायचं, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली की सावकाश चढायचं. इगतपुरीला उतरले, कसाऱ्याला धुक्यात उतरले, शहापूरला ड्रायव्हर डिझेल भरत होता तिथंही उतरले. ड्रायव्हर शेवटी म्हणाला की काका, तुम्ही पायीच निघाला असता तर बरं झालं असतं. मला हसू आलं, पण हसण्याचाही आवाज नको म्हणून तोंडावर पदर धरला.

विमान रात्रभराचं, सकाळी बँकॉक. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: व्हिसा तिथंच उतरल्यावर मिळतो, माणशी हजार बाथ, फोटो सोबत ठेवा, रांग लांबलचक असते. बाथ म्हणजे आपला सव्वा रुपया धरा. तिकीट आम्हाला माणशी चौदा हजारांच्या आसपास पडलं. हॉटेल केतकीनं नदीजवळच घेतलं होतं, फाहुरात नावाच्या पेठेच्या बाजूला. ही पेठ कापडवाल्या पंजाबी लोकांची. गुरुद्वारा आहे, पोळी-भाजी मिळते. आमचा चातुर्मास सुरू झालेला, मांसमच्छी बंद, तेव्हा पोटाची चिंता मिटली. बाकी त्यांचा आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र खाच. मी तीन दिवस दोन्ही वेळा खाल्ला आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फूलबाजार. बायांनो, काय सांगू! आपला अख्खा फूलबाजार त्यांच्या एका गल्लीत मावेल. ऑर्किडच्या भाऱ्यांवर भारे, कमळाच्या कळ्यांचे ढीग, बर्फात ठेवलेला मोगरा, आणि झेंडू! आपलाच झेंडू, पिवळाधमक, पिशव्या भरभरून. अहोंनी सवयीनं एक फूल उचललं, देठाकडून दाबून बघितलं आणि निकाल दिला की माल ताजा आहे पण आपल्याइतका टणक नाही. सासर-माहेर दोन्ही एकदम भेटल्यासारखा माझा जीव हरखला होता. एका ठिकाणी तर मी थबकलेच. टोपलीभर रुईची फुलं! आपण शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, फुलं बांधावर वाळून जातात. इथं एक बाई ती फुलं नीट सोलून, वीतभर लांब सुईत ओवून, मोगऱ्याच्या कळ्यांबरोबर असा हार करत होती की बघत राहावं.

ती माझ्याच वयाची असेल, गुलाबी एप्रन घातलेली. मी बघतेय म्हटल्यावर तिनं प्लास्टिकचं स्टूल पायानं पुढं सरकवलं. मी बसले. तिनं सुई दिली. दोनदा कळी फाटली तेव्हा ती हसली, मग माझी बोटं धरून दाखवलं. मग मी तिला आपली पद्धत दाखवली, सुई नाही, नुसता दोरा आणि बोटांचा फेरा, गाठ मारत जायचं. तिनं शेजारच्या चार बायांना बोलावून ते दाखवलं. ती थाईमध्ये अखंड बोलत होती. आणि माझ्या तोंडातून कधी गेलं कळलंच नाही, "अगं, दोरा एवढा ताणू नकोस, कळीची मान मोडते."

घोगराच आवाज, फाटका. तिनं मान वरही केली नाही. दोरा सैल सोडला आणि पुढं बोलत राहिली. मग मी पण बोलत राहिले. तासभर आम्ही दोघी बोललो, तिनं बहुतेक सुनेबद्दल सांगितलं असावं, कारण सूर ओळखीचा होता. मी गाळ्याचं सांगितलं. भाव विचारायचा तेव्हा तेवढी पाटी पुढं केली, तिनं आकडा लिहिला, मी खोडून माझा लिहिला, असं चार वेळा झालं. दोन लांब सुया घेऊन उठले. (सुया मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत चालत नाहीत.) अहो समोरच्या दुकानात ऑर्किड बघत पाठमोरे उभे होते. एवढा वेळ कुणी ऑर्किड बघत नाही. हॉटेलवर आल्यावर मी पुन्हा मुकीची मुकी.

तिसरा दिवस बोटीचा. बँकॉकला गेलात तर नदीवरची प्रवासी बोट सोडू नका. तिकीट वीस बाथांच्या आत, वारा फुकट, दोन्ही काठांवर देवळांचे सोनेरी कळस. मी खिडकीशी, मांडीवर पासपोर्टची, पैशांची, हॉटेलच्या कार्डाची पर्स. अहोंकडं चिवड्याची पिशवी. एका धक्क्याला बोट लागली. धक्क्यावर झेंडूच्या माळांचं दुकान होतं, आणि आमच्या अहोंनी काय करावं? उतरले! त्यांना वाटलं आता कंडक्टर चहा पिणार, मग डबल बेल देणार. तिथं बोट टेकते न टेकते तोच पोऱ्या शिट्टी मारतो आणि सुटतेच. मी मान वळवली तर आमच्यामध्ये हातभर पाणी, मग दोन हात, मग पुरुषभर. अहो माळा बघत पाठमोरे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहोंच्या खिशात एक बाथ नाही, इंग्रजीचा एक शब्द नाही, हॉटेलचं नाव त्यांना सांगता येणार नाही, फोन दोघांचेही इथं बंद. इंजिनाचा घरघराट एवढा की शेजारच्याचं ऐकू येऊ नये. शेजारच्या गोऱ्या माणसाला पाटी दाखवू? लिहू काय? पाटी बाकावर टाकली, कठड्याला धरून उभी राहिले आणि बाजारात टेंपोपाशी उभ्या असलेल्या अहोंना गाळ्यावरून बोलवायची ती हाक मारली.

"अहोऽऽ!"

बोटीतली सगळी माणसं वळली. अहो वळले नाहीत. परत मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा गळ्यात कापड फाटावं तसं काहीतरी फाटलं आणि आवाज सुटला तो थेट काठापर्यंत. "अहोऽऽ! तिथंच थांबा! हलू नका! मी येते!" आता ते वळले. त्यांनी हात वर केला.

तो आवाज माझा नव्हता, एखाद्या पैलवानाचा असावा तसा होता. पण हाक माझीच होती. पुढच्या धक्क्याला उतरले, उलट्या बोटीत बसले, आणि बिनधास्त मोठ्यानं म्हणत होते, एक, दोन, तीन, चार. वीसपर्यंत. परत एकपासून.

अहो धक्क्यावरच्या बाकावर बसले होते. माळावालीला चिवडा देऊन झाला होता. मी तोंडाला येईल ते बोलले, एस्टीपासून त्यांच्या घराण्यापर्यंत. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं."

"मग वळला का नाहीत?"

"सहा महिन्यांनी ऐकत होतो. अजून एकदोनदा ऐकावी वाटली."

असं म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर चिवड्याच्या पिशवीनं पुसले. मसाला डोळ्यात गेला आणि मग दोघंही मसाल्याचं निमित्त करून रडलो, हसलो. त्या माळावालीला आम्ही वेडे वाटलो असणार. तिनं एक माळ फुकट दिली.

पुढचे दोन दिवस पंख फुटल्यासारखे गेले. रेल्वेनं त्यांच्या जुन्या राजधानीला, अयुथयाला गेलो, तिसऱ्या वर्गाचं तिकीट आपल्या पॅसेंजरपेक्षा महाग नाही, दीड-दोन तासांचा रस्ता. पडकी जुनी देवळं, विटांचे उंच मनोरे, आणि प्रत्येक बुद्धाच्या पायाशी झेंडू. मी जाताना बोलले, येताना बोलले, भाड्याच्या सायकलीवर बोलले. परतीच्या गाडीत अहोंनी बॅगेतून पाटी काढली आणि मुकाट्यानं माझ्या हातात दिली. त्यांना वाटलं फार मोठा विनोद केला.

घरी येऊन आता अडीच-तीन महिने झाले. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गेली एक आणि आली दुसरीच. आवाज पहिल्यासारखा झालेला नाही, होणारही नाही कदाचित. डॉक्टर म्हणतात नस जागी होतेय, आकडे सोडू नका. मी सोडत नाही, न्हाणीघरात रोज बाथांचा हिशोब असल्यासारखी मोजते. काय उरलं विचाराल तर फोटो सगळे हललेले आलेत. सुया कामाला आल्या, मंगलनं त्यांवर दसऱ्याची तोरणं दुप्पट वेगानं ओवली.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेच गाळ्यावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. झेंडूचे क्रेट उतरले. भाव पाटीवर लिहून पाटी पुढं टेकवून ठेवली, तेवढंच तिचं काम. मंगल माझ्याकडं बघत होती. मी हाक दिली. समोरच्या गाळ्यावरचे दोघं दचकले, कोण नवीन माणूस आला म्हणून उठून बघायला लागले. गिऱ्हाईकही वळलं. वळलं म्हणजे झालं.

ऐन गर्दीत फोन वाजला. अहोंचे दोन्ही हात झेंडूत, मंगल तागडीवर. मीच उचलला आणि "हॅलो, बोला" म्हटलं. सायखेड्याचे मंडपवाले.

"भाऊ, वहिनींना द्या जरा."

"वहिनीच बोलतेय," मी म्हटलं. "झेंडू किती पाठवू?"