बाकांखालचे पाय

आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीच्या शाळेत परीक्षेच्या वेळी पाणी द्यायला एक अक्का असतात. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. चपला दाराबाहेर काढून येतात, पेला ठेवतात, आणि एखाद्या मुलापाशी जरा जास्तच थांबतात. एकदा मी सगळ्या वर्गासमोर त्यांना म्हणालो, "अक्का, आटपा. मुलांचा वेळ जातोय."

त्या "सरी, बरं सर" म्हणून निघून गेल्या.

दहावीच्या सराव परीक्षेत मी नेहमीसारखा ओरडलो, "शेवटचा अर्धा तास!" पेपर सुटल्यावर अक्का जिन्यापाशी हळूच म्हणाल्या, "सर, रागावू नका. वेळ सांगितल्यावर एकदा स्वल्प खाली बघा. बाकांखाली."

दुसऱ्या दिवशी ओरडलो आणि वाकून पाहिलं. ओळीच्या ओळी पाय लटपटत होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं पेन थांबलं होतं. अठरा वर्षं मी फक्त माना मोजत आलो होतो.

त्याच संध्याकाळी पालकांसमोर माझं भाषण होतं. विषय, मुलांची परीक्षेची भीती कशी घालवावी. मी उभा राहिलो, पण पहिलं वाक्यच सुचेना.

अक्कांनी माझ्यासमोर पेला ठेवला, आणि जरा जास्तच थांबल्या.