धूर नसलेली शेगडी

१९९६ च्या जानेवारीतला तो सोमवार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी इंदापूरला फौजदार होते आणि सकाळी ठाण्यातली मुद्देमालाची खोली आवरून घेत होते. रस्त्याच्या कामावरचा मुकादम धापा टाकत आला. तिथले कामगार चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत झोपत; काम सरकलं की त्या ट्रॅक्टरला जोडून पुढे नेत. अशा सहा खोल्यांपैकी एकीत दोन रोलरचालक मेलेले सापडले होते.

"सैपाकिणीनं पिठल्यात कायतरी घातलं, बाईसाहेब. काल लई भांडली त्येंच्याशी."

दाराला आतून कडी होती; कामगारांनी ते तोडलं होतं. अंगावर जखम नव्हती, चेहरे मात्र गुलाबी. पंचनामा करून प्रेतं शवविच्छेदनाला पाठवली. जमाव हात उगारू लागला, म्हणून स्वयंपाकीणबाईला ठाण्यात आणलं. ती लोणी भापकर गावची, चाळिशीतली विधवा.

"हिचं पिठलं कुत्रंबी खाईना," मुकादम म्हणाला.

"मग काल तीन येळा कुणी मागून घेतलं, मुकादम?" ती उसळली.

तेच पिठलं खाऊन तो माझ्यासमोर धडधाकट उभा होता. मी त्याला बाहेर बसवलं.

"भांडण कशावरून?"

"थंडीवरनं. म्हणायचं, मावशे, तुला चूल हाय, आमी गारठून मरतो. म्या म्हटलं, मग चुलीत झोपा. पर मग दया आली. कोळशाची शेगडी पेटवून दिली."

"धुरासकट?"

"न्हाय वो! धूर जाईस्तवर भायेर ठेवली, निखारं लाल झाल्यावर आत दिली. बाळंतिणीच्या खाटंखाली ठेवत्यात तशी. वारं येऊ नये म्हणून समद्याच खोल्यांच्या फटीत बारदानबी म्याच कोंबलं."

पंचनाम्यात शेगडी नव्हती. मुकादमाला विचारलं.

"दार तोडल्यावर मीच भायेर काढली. च्या ठेवायचा हुता."

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं : रक्त लालभडक, कोळशाच्या वायूने मृत्यू. त्याला धूर नसतो, वासही नसतो. कुडाच्या घराला फटी असतात, म्हणून बाळंतीण वाचते. पत्र्याच्या खोलीची एकुलती एक फट बारदानाने बुजली होती.

बाईवरचा संशय फिटला. पण ती कशामुळे सुटली, हेही तिला मलाच सांगावं लागलं.

"म्हंजी म्याच मारलं व्हय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. आमचे पहारेकरीही थंडीत दार लावून शेगडीशी बसत.

विष माणसाच्या हातात शोधण्याआधी खोलीत शोधावं, एवढं मी त्या प्रकरणातून शिकले. उशिराच शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहाऱ्याच्या खोलीतली शेगडी मी व्हरांड्यात काढायला लावली. मग बाईला जीपमध्ये घेऊन कामावर गेले. उरलेल्या पाच खोल्यांतली बारदानं आम्ही दोघींनी उपसली. शेवटचं तिने मला ओढू दिलं नाही.