पुसलेली रेघ

देवळाली कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं मित्र आमच्या आवडत्या फुटबॉल क्लबच्या कोचला दर रविवारी काढून टाकायचो. शेजारी एक म्हातारा बशीत चहा ओतून ऐकत बसायचा. जवळच्या मैदानावर मॅचआधी चुन्याच्या रेघा मारणं हे त्याचं काम, त्यामुळे नखं कायम पांढरी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा मी म्हटलं, "बाबा, चांगला कोच कसा ओळखायचा?"

"मॅच मी बघत नाय. संपल्यावर रेघा बघतो. कोचच्या बाकापुढची रेघ त्याच्या येरझाऱ्यांनी पुसलेली असली, की समजायचं, याचा जीव पोरांत हाय."

"आणि जिंकलं कोण?"

"ते रेघेवरून कळत नाय."

पुढची मॅच टीव्हीवर बघताना मी चेंडू सोडून आमच्या कोचचे बूटच बघत राहिलो. आम्ही हरलो. तो एकदाही बाकावर बसला नव्हता.