चंदेरी कोपरा

ज्या माणसानं भिलाईतल्या कितीतरी घरांना उन्हावर तापलेलं पाणी दिलं, तो स्वतः भर पौषात थंड पाण्यानं अंघोळ करायचा. उत्तमराव बोरकर, आमचे उत्तमभाऊ. मरोदा वस्तीत आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत होती. सकाळी त्यांच्या अंगावर पहिला तांब्या पडला की हुडहुडी मला भरायची. वहिनी रोज छतावरच्या टाकीतल्या गरम पाण्याची बादली त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि ते रोज ती बाजूला सारायचे.

"पहिले तो देशकर माह्या पाण्यानं आंघोळ करन, मंग मी," एवढंच म्हणायचे.

देशकर म्हणजे आमचे साहेब. औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा खासगी कारखान्यात मी ड्रॉइंग काढायचो आणि भाऊ इंजिनिअर होते. सोलर हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. भाऊंनी तांब्याच्या नळ्या, पत्रा आणि वर काच अशी एक पेटी बनवून कारखान्याच्या गेस्टहाउसच्या छतावर मांडली. आतून ती डांबरासारखी काळी होती. माणूस काही नम्र वगैरे नव्हता. जो भेटेल त्याला छतावर ओढून न्यायचे, नळाखाली त्याचा हात धरायचे आणि तो चटका बसून ओरडला की खूश व्हायचे. "सूर्य रोज ड्यूटीवर येते, काच पुसायलेच लोकाईचा हात दुखते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथली लाल धूळ एका दिवसात काचेवर बसते, म्हणून खिशात कायम फडकं.

भोपाळहून एक बडे अधिकारी ती पेटी पाहायला येणार होते. पसंत पडली तर होस्टेलांवर पेट्या बसवायचं मोठं काम मिळणार होतं. त्यांनी फोनवर भाऊंचं नाव घेऊन चौकशी केली, साहेबांचं नाही. साहेबांचं दुखणं तिथं होतं.

पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे एक रिवाज असायचा. रस्त्याकडेच्या विटांना चुना आणि दिसेल त्या पाइपाला, टाकीला चंदेरी रंग. भाऊ पाहुण्यांना घ्यायला दुर्ग स्टेशनला गेले आणि इकडे देशकरांनी पेंटरकरवी पेटीची काच काढवून आतला काळा पत्रा, नळ्या, सगळं चंदेरी करून टाकलं. काळाच रंग ऊन पितो, चंदेरी ते परत फेकतो, त्याला हात लावू नका, असं भाऊंनी त्यांना माझ्यासमोर बजावलं होतं. ते चुकून झालं असं मी आजही मानत नाही.

पाहुण्यांनी नळाखाली हात धरला. पाणी गार. देशकर चारचौघांत म्हणाले, "बोरकर, तुमचा सूर्य आज रजेवर दिसतोय." सगळे हसले, पाहुणेही हसले. काम गेलं, पेटी भंगारात गेली. भाऊंनी राजीनामा दिला आणि थंड पाण्याचा नेम सुरू झाला.

मग त्यांनी भिलाई-3 या भागात स्वतःची शेड टाकली. हातगाडीवर पेटी घालून चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत हिंडायचे. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, यांची पेटी घेणार कोण? पोरं हिंदीत 'धूपवाले बाबू', म्हणजे ऊनवाले बाबू, म्हणून चिडवायची. पण यार्डातून ग्रीस माखून येणाऱ्यांचे हात भाऊ गरम पाण्यानं धुऊन द्यायचे आणि तसं करता करता एकेका छतावर पेट्या चढत गेल्या. आता तरी विसरा, असं मी एकदा म्हणालो. "भट्टी एकडाव थंडी झाली का संपली," ते म्हणाले. "राग बी तसाच असते."

देशकर रिटायर झाले, घर बांधलं. त्यांच्या गल्लीत सगळीकडे भाऊंच्याच पेट्या होत्या. साहेबांच्या बाईंचे गुडघे थंडीत धरायचे, तेव्हा साहेबांनी पेटीसाठी माझ्याकरवी निरोप धाडला. भाऊ बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "सांग त्यायले, दिवाळी झाली का लावून देतो."

आणि लावली. हिवाळा आला, पाणी गारच. देशकरांनी निरोपांवर निरोप पाठवले. काच पुसा, हे एकच उत्तर जायचं. बाईंसाठी मात्र शेजारच्या छतावरून रोज गरम बादली जाईल, ही सोय भाऊंनी आधीच करून ठेवली होती. भांडण साहेबांशी होतं.

शेवटी एका दुपारी आम्ही दोघं गेलो. भाऊंनी देशकरांसमोर काच उचलली. आत सगळं लखलखीत चंदेरी.

"तेव्हा चुकून झालं होतं हो, बोरकर," साहेब म्हणाले.

"मले मालूम आहे. हे बी चुकूनच झालं."

वरून काळा रंग मारून टाका, असं साहेबांनी सुचवून पाहिलं. रंगावर रंग टिकत नाही म्हणत भाऊंनी तारेचा ब्रश त्यांच्या हातात दिला आणि स्वतः कठड्यावर शेंगा खात बसले. देशकर उकिडवे बसून उन्हात घासत राहिले. कपाळाचा घाम पुसताना तोंडालाही चंदेरी लागली. मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी शेंगा सोलत होतो.

एक कोपरा उरला तेव्हा भाऊंनी त्यांना थांबवलं. "तेवढा राहू द्या, साहेब. आठवणीले."

बाकीच्यावर भाऊंनी काळा रंग चढवला. दुसरा दिवसभर पेटीला ऊन खाऊ दिलं आणि तिसऱ्या सकाळी देशकर ओल्या डोक्यानं बाहेर येईपर्यंत ते त्यांच्या व्हरांड्यात बसून राहिले. मग घरी येऊन वहिनींना म्हणाले, "आज गरम काढ." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. भिंतीपलीकडून बादल्यांवर बादल्या ओतल्याचा आवाज येत राहिला.

भाऊ गेले. देशकरही गेले. ते घर दुसऱ्यांनी घेतलं, पेटी तीच आहे. क्षमा मोठी म्हणतात, असेल. मी अजून त्या गल्लीसमोरच्या टपरीवर मुद्दाम चहाला जातो. तिथून ते छत दिसतं. कोपऱ्यावर ऊन आलं की चंदेरी चमकते आणि मला चहा गोड लागतो.