ओंडक्यांच्या घरातला आमचा लिंब

औरंगाबादहून निघायच्या आदल्या दिवसापासून मायचं एकच चाललं होतं, "तो लिंब असंल का गं अजून?" मला काय माहीत? मी आपली हो हो करत पिशव्या भरत होते. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात मायनं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. शेवटी मागितलं ते हे की सेनगावकडच्या बंजारा तांड्यावरचं ओंडक्यांचं घर एकदा बघायचं.

लाकडी घर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर थंड हवेच्या ठिकाणचं कॉटेज आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. हे घर म्हणजे माळावर एकावर एक रचलेले ओंडके, फटींत चिखल आणि वर पत्रे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वादळात तांड्यावरची झाडं आडवी झाली. तांड्याच्या नाईकानं ती विकू दिली नाहीत. लग्नाला, बारशाला, पंगतीला डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून त्याच झाडांचं हे घर उभं केलं. भाडं ठेवलं नाही. ज्याच्या घरचं कार्य, त्यानं आपल्या दारातला एक ओंडका आणून भिंतीत बसवायचा, एवढीच अट. आमच्या गावात देवळाच्या मंडपात आम्हा बौद्धांच्या लग्नाला जागा मिळत नव्हती. इथे मात्र जात कुणी विचारली नाही, फक्त लाकूड कुठलं आणलं ते विचारलं. माझ्या ताईचं, शालूचं लग्न इथेच झालं. बाबांनी गोठ्यापुढचा लिंब तोडून आणला, म्हैस बांधायच्या लोखंडी कडीसकट.

पुढच्याच वर्षी ताई पहिल्या बाळंतपणात गेली. बाबांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला आणि घरात तिचं नाव निघेनासं झालं. मायनं ते कधीच माफ केलं नाही.

आमची एसटी जालना, जिंतूर करत औंढ्याला आली तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. स्टँडसमोर पिठलं-भाकरी झकास मिळते, ठेचा मात्र बेतानं घ्या. मी नाक पुसत जेवले. मायनं भाकरी नुसतीच कुस्करली. हिंगोलीत मुक्काम केला आणि सकाळी नरसीमार्गे जाणारी जीप धरली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाईत असाल तर चरफडायची तयारी ठेवा. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर, मध्ये खड्डे. माय खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या बाबाचं बरं होतं. लेक गेली तर गेली, एसटीची ड्यूटी धरली न् विसरला."

मलाही तसंच वाटत होतं.

फाट्यापासून चालत वर घरापाशी गेलो. छपराचे पत्रे गंजलेले, एक भिंत वाळवीनं पार पोखरलेली, हात लावला की भुसा. नाईक कधीच वारले होते. त्यांची बायको दारात तूर पाखडत होती. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई.

"आता कोन येतंय इथं?" याडी म्हणाली. "सेनगावात मंगल कार्यालय झालं, पंखे हायेत, गाणे वाजतेत. लाकूड आणायला आता झाडं तरी कुठं ऱ्हायलेत?"

माय ऐकतच नव्हती. ती भिंतीला हात लावत लावत पुढे गेली आणि कोपऱ्याजवळ थांबली. तिच्या हाताला ती कडी लागली होती. आजूबाजूचे ओंडके राखाडी पडलेले, भेगाळलेले. आमचा लिंब तेवढा काळाभोर, तुकतुकीत होता.

"याला कोन तेल लावतं?" मायनं विचारलं.

याडीनं सूप खाली ठेवलं. "तुमी कंडक्टरच्या घरच्या का? तेच लावत व्हते की. दरसाल लेकीच्या लग्नाच्या तिथीला येयचे. जवसाच्या तेलाचा डबा माझ्याकडंच ठेवेल हाय. तेलानं पुसायचे, मंग कडीला धरून बसायचे. लई रडायचे. यंदा आले न्हाईत तर वाटलं, बदली झाली."

"ते गेले," मी म्हणाले.

याडीनं पदर तोंडाला लावला. मग मायकडे बघत म्हणाली, "मी म्हणलं व्हतं त्यांना, बाईला काहून आणत न्हाई? म्हणले, तिला सहन व्हनार न्हाई."

माय खाली बसली. मला वाटलं आता ती मोकळी होईल, पण तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं. तिनं फक्त डबा मागितला. तळाशी थोडं तेल उरलं होतं. पदराचं टोक बुडवून तिनं सगळा ओंडका पुसला, कडीसुद्धा. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर अवश्य वाट वाकडी करा, पण लवकर. अजून किती पावसाळे ते छप्पर टिकेल, सांगवत नाही.

घरी आल्यावर मायनं पेटीतून ताईचा फोटो काढला आणि बाबांच्या फोटोशेजारी लावला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती बाबांपुढे उभी होती. आवाजात राग होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"एकटेच काहून जात होते हो तुमी?" ती विचारत होती. "मी तिची माय होते ना."