सूर्यफुलांवरचा पहारा

आज सकाळी बाल्कनीतल्या कुंडीतून आंबूस वास आला आणि कोरेगावचं सासरचं अंगण आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नणंद तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी येणार होती, म्हणून सासऱ्यांनी दारापुढं हौसेनं सूर्यफुलं लावली होती. ऐन कळ्या धरताना पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. दुपारच्या उन्हात लोंबली असती तर समजू शकलं असतं, पण सकाळच्या गारव्यातही तीच गत. मी बुडाशी बोट खुपसून वास घेतला आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामा, पाणी जास्त झालंय. मुळं गुदमरलीत." फौज सोडल्यापासून उसाला पाणी पाजणारा माणूस तो! "पाण्यानं कवा झाड मरतंय व्हय?" म्हणून हसले. तेवढ्यात सासूबाई तांदळाचं धुवण घेऊन आल्या. "मी बी रोज घालतीया की," त्या म्हणाल्या. मामांचं हसू विरलं. त्यांनी लगेच चर काढून पाण्याला वाट दिली, खुरप्यानं माती मोकळी केली आणि खुर्ची टाकून पहाऱ्यालाच बसले. कुणाच्या हातात तांब्या दिसला की ओरडायचे, "हॉल्ट!" माती वाळत गेली तशी पानं सावरली, आणि नणंद आली त्याच सकाळी पहिलं फूल उमललं. मामांनी नातीला कडेवर घेऊन ते दाखवलं आणि मला हळूच विचारलं, "आता घोटभर पाजू का गं?" आज कुंडी उन्हात सरकवत मी नवऱ्याला विचारलं, "पाणी घातलंस का हिला?" पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "घोटभरच."